पापड, पाऊस आणि मालकी

पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की घर कसे चालवायचे, ही चिंता दिवाळे कोळीवाड्यातल्या बायकांना नवी नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्याच पावसाने काम चार महिने बंद पाडले. पुढल्या वर्षी त्यांनी खाट व शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी! तीच आजची ‘लिज्जत’ संस्था. देणगी घ्यायची नाही, हे आरंभीच ठरले होते. लाटणारी प्रत्येक बहीण मालक. नफा वाटून घ्यायचा, तसा तोटाही. नवा उद्योग काढणाऱ्या भगिनींनी भांडवल जमवण्याआधी तोटा कसा वाटायचा, ते लिहून ठेवावे. पहिला पाऊस आला की त्याचीच गरज लागते.