सूर आणि बळ

चेन्नई शहरात मरीनाच्या वाळूला लागूनच तिरुवल्लिकेणी नावाची जुनी वस्ती आहे. इंग्रजांच्या जिभेवर तिचे ट्रिप्लिकेन झाले. मूळ तमिळ नावाचा अर्थ मात्र पवित्र कुमुदांचे तळे असा आहे. पार्थसारथीचे पुरातन मंदिर, 1795 साली उभारलेली वालाजा मशीद, या दोहोंभोवतीच्या दाट गल्ल्या आणि पूर्वेला समुद्र, असा तिचा थाट. याच किनाऱ्याच्या एका भागाला लोकमान्यांच्या स्मरणार्थ टिळक घाट असे नाव मिळाले होते. 1907 साली बिपिनचंद्र पाल मद्रासेस आले, तेव्हा त्यांची व्याख्याने ऐकावयास समुद्रकाठी हजारो माणसे जमली. समोर एवढा समुदाय, अंगावर खारा वारा, मागे लाटांची गाज, आणि वक्त्यापाशी साधन काय, तर छाती आणि कंठ! मागच्या रांगांना जे ऐकू येत नसेल ते पुढच्यांच्या चेहऱ्यांवरून ताडावे लागत असेल.

योगायोग असा की, त्याच्या आदल्याच वर्षी, 1906 साली, अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीन अग्रांची निर्वात नळी तयार केली होती. लोक पुढे तिला व्हॉल्व्ह म्हणू लागले. क्षीण विद्युत्-संकेत या नळीतून बळकट होऊन बाहेर पडतो, हे काही वर्षांतच उमगले आणि मानवी आवाजाची जुनी मर्यादा संपली. मद्रासने या शोधाचे स्वागत लवकर केले. 31 जुलै 1924 रोजी तेथे मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबाने ध्वनिक्षेपण सुरू केले. पैशाअभावी 1927 मध्ये ते बंद पडले, तेव्हा क्लबाचे यंत्र नगरपालिकेकडे गेले आणि 1 एप्रिल 1930 पासून नगरपालिकाच सायंकाळी संगीत ऐकवू लागली. मरीनावर कर्णे बसविले गेले. ज्या वाळूवर तेवीस वर्षांपूर्वी वक्त्याला घसा फोडावा लागला, तेथे फिरावयास आलेला सामान्य माणूस फुकट गाणे ऐकू लागला. आवाज मोठा करण्याची विद्या प्रथम लोकांच्या उपयोगी पडली ती अशी.

त्या विद्येने आज फार लहान रूप धारण केले आहे. तळहाताएवढ्या किंवा फार तर एखाद्या जाड ग्रंथाएवढ्या पेटीत आता शंभर वॅटांचे बळ मावते. या पेटीला पॉवर ॲम्प म्हणतात. मराठीत शक्तिवर्धक म्हणावे, तर डोळ्यांसमोर औषधाची बाटली येते; म्हणून वादकांच्या तोंडचाच शब्द बरा. गिटार वाजविणारा मुलगा वा मुलगी आज पुष्कळ मराठी घरांतही असते. पायाने दाबावयाची पेडले, प्रीॲम्प, मॉडेलर अशा वस्तूंचा पसारा त्या घरांना परिचित आहे. या पसाऱ्यात लहान पॉवर ॲम्पचे काम काय, हे मात्र पुष्कळदा वादकाच्याही नीट ध्यानात आलेले नसते.

तंबोऱ्याचे उदाहरण घ्यावे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडतो, तंजावरचा कारागीर वीणेचा घट फणसाच्या लाकडातून कोरून काढतो. तारेचा सूक्ष्म कंप या पोकळीत भरतो आणि नाद होऊन बाहेर येतो. विजेवरच्या गिटारीचे लाकूड बहुधा भरीव असते. तिला भोपळाच नाही. तारेखालचे चुंबकीय वेटोळे तारेच्या कंपाचे विजेत रूपांतर करते, परंतु ती वीज जेमतेम एकदशांश व्होल्टच्या आसपास असते. उलट आठ ओहमांच्या कर्ण्याला शंभर वॅट पुरवावयाचे, तर सुमारे अठ्ठावीस व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर लागतात. या दोन टोकांमधला सारा प्रवास म्हणजेच वर्धन, आणि म्हणून विजेच्या गिटारीचा भोपळा तिच्याबाहेर असतो असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रवासाचे टप्पे दोन. पहिल्यात संकेत थोडा उंचावतो आणि त्याचा स्वभाव ठरतो: खर्ज किती, मधले स्वर किती, तीव्र स्वर किती, आवाज स्वच्छ ठेवावयाचा की त्याला जाणूनबुजून खरखर द्यावयाची. हे प्रीॲम्पचे काम. दुसऱ्या टप्प्यात त्या घडलेल्या सुराला कर्ण्याचा पडदा हलविण्याइतके बळ मिळते. हे पॉवर ॲम्पचे काम. तिरुवल्लिकेणीच्या मंदिरात पार्थसारथी आहे. रथाचा न्याय तेथे कोणाला शिकवावा लागत नाही. बळ घोड्यांचे, दिशा सारथ्याची. घोडे स्वतःच वाट ठरवू लागले की रथाचे काय होते, हेही सर्वांना ठाऊक आहे.

पूर्वी सारथी आणि घोडे एकाच पेटीत बांधलेले असत. फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब हा विख्यात व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर कर्ण्यांसह सुमारे एकोणतीस किलो भरतो. आता तिरुवल्लिकेणीतील मॅन्शनांचा विचार करावा. मॅन्शन हे नाव भव्य. वस्तुतः ती गावोगावाहून नोकरीसाठी आलेल्या अविवाहित पुरुषांची बिऱ्हाडे होत. खोली एवढी अरुंद की, खाट टाकली म्हणजे उरते ती पावलापुरती जागा. अशा खोलीत राहून सायंकाळी कोठेतरी वाजवावयास जाणाऱ्या तरुणाने एकोणतीस किलोंची पेटी ठेवावी कोठे आणि जिन्यावरून न्यावी कशी? माउंट रोडवर 1842 पासून चालत आलेले, पूर्वी मिस्क्विथ यांचे आणि आज म्युझी म्युझिकल या नावाचे वाद्यांचे दुकान त्याला जवळ आहे. विजेच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेली रिची स्ट्रीटही लांब नाही. अडचण वस्तू मिळण्याची नाही. अडचण आहे ती जागेची, पैशाची आणि पाठीच्या कण्याची. एक किलोच्या आसपास वजनाचा पॉवर ॲम्प पेडलांच्या फळीवरच बसतो, आणि तो तरुण गिटार एका खांद्यावर व फळी दुसऱ्या हातात घेऊन बसने जाऊ शकतो. कार्यक्रमाच्या ठिकाणी एखादा कर्णा असला म्हणजे झाले.

एवढे बळ एवढ्या लहान पेटीत मावते कसे? जुन्या पद्धतीत वर्धकाचे घटक सदैव अर्धवट उघडलेल्या नळासारखे असतात. बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि ती बाहेर टाकण्यासाठी धातूचे जड पंखे जोडावे लागतात. नव्या पद्धतीस डी वर्ग म्हणतात. तीत नळ एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद असतो. ही उघडझाप सेकंदाला काही लक्ष वेळा होते. उघडे राहण्याचा काळ सुराच्या चढउतारानुसार कमीजास्त होतो आणि शेवटची गाळणी त्यातून सूर वेगळा काढते. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते. शंभर वॅट बाहेर पडताना दहाअकरा वॅटच ऊब होऊन जातात, म्हणून पेटी लहान आणि हलकी राहते. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात सिंक्लेअर यांनी 1964 मध्ये असा एक संच विक्रीस काढला होता, पण त्या वेळच्या ट्रान्झिस्टरांना हा वेग पेलला नाही. कल्पनेला साहित्याची वाट पाहावी लागली.

घोडे स्वस्त आणि हलके झाले म्हणून सारथ्याचे काम संपत नाही, ते वाढते. केवळ खरखरीचे पेडल थेट पॉवर ॲम्पला जोडले, तर सूर कोरडा व अपुरा वाटतो, कारण पेडल घडविणाऱ्याने पुढे एक प्रीॲम्प असणार हे गृहीत धरलेले असते. म्हणून पेडलांच्या ओळीत प्रीॲम्पचे काम करणारी एक वस्तू हवीच. प्रतिध्वनीचे पेडल तिच्या पुढे जोडता येते, म्हणजे प्रतिध्वनीवर खरखर चढून त्याचा गाळ होत नाही. मॉडेलरची गोष्ट निराळी आहे. लाइन सिक्स कंपनीचा पॉड 1998 मध्ये आला आणि जुन्या ॲम्प्लिफायरांची गणिती प्रतिकृती घरोघर पोहोचली. मॉडेलर प्रीॲम्पचीच नव्हे, तर पॉवर ॲम्पची, कर्ण्याची आणि कर्ण्यासमोरच्या माइकचीही नक्कल करतो. गिटारीचा खरा कर्णा पाच हजार कंपनांपलीकडचे स्वर जवळजवळ गिळून टाकतो. असा कर्णा जोडलेला असताना मॉडेलरमधला नकली कर्णाही चालू ठेवला, तर एकाच कापडाला दोनदा रंग चढतो आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. तेव्हा खरा कर्णा असेल तर नकली बंद करावा. सर्व स्वर सारखे ऐकविणारा सभागृहाचा कर्णा असेल तर नकली चालू ठेवावा. दोष बहुधा यंत्राचा नसून या एका कळीचा असतो.

पथ्ये आणखीही आहेत. आठ ओहमांचे दोन कर्णे समांतर जोडले की भार चार ओहमांचा होतो. पॉवर ॲम्पवर किमान भार जो लिहिला असेल त्याखाली जाऊ नये, नाही तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. पंचवीस वॅटांच्या कर्ण्याला शंभर वॅटांचा ॲम्प जोडून कान पिळू नये. गिटारीची बारीक तार कर्ण्याला लावू नये. तेथे जाड ताराच हव्यात. आणि वॅटांच्या आकड्यांनी भुलू नये. बळ दसपट केले तेव्हा कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. दहा वॅट आणि शंभर वॅट यांतला फरक कागदावर जेवढा आहे तेवढा कानात नाही. अधिक वॅटांचा खरा उपयोग आवाज चढविण्यात नसून, जोराच्या आघातालाही सूर न फाटण्यात आहे.

पॉवर ॲम्पने सुरात आपले काही मिसळावे की नाही, यावर मात्र वादकांत दुमत आहे. व्हॉल्व्हचा ॲम्प पुरता ताणला की जी ऊबदार खरखर उमटते तीच गिटारीची खरी वाणी, असे मानणारा मोठा वर्ग आहे आणि त्याच्या आग्रहामागे अनेक दशकांचे संगीत आहे. दुसरी परंपराही तितकीच आदरणीय आहे. 2 ऑगस्ट 1927 रोजी बेल प्रयोगशाळेतले हॅरल्ड ब्लॅक हडसन नदी ओलांडून कामावर निघाले होते. होडीतच त्यांना सुचले की, वर्धकाच्या बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश उलटा करून आत परत नेला, तर वर्धक आपल्याच चुका दुरुस्त करील. हातातल्या वृत्तपत्रावर त्यांनी ती आकृती काढली. बळ थोडे उणे करून खरेपणा विकत घ्यावयाचा, असा हा सौदा होता. आजच्या बहुतेक लहान पॉवर ॲम्पांत तोच सौदा आहे.

कर्नाटक संगीताला तो मानवला, हे नवल नाही. उप्पलपु श्रीनिवास यांनी मँडोलिनीच्या जोडतारा काढून पाच एकेरी तारांचे, विजेवरचे वाद्य स्वीकारले. 1981 साली बारा वर्षांच्या या मुलाचे वादन मद्रासने ऐकले. मँडोलिनीचा स्वर मुळात अल्पजीवी असतो. गमक घ्यावयाचे तर स्वर हवेत टिकला पाहिजे, आणि तो टिकविण्याचे सामर्थ्य विजेने दिले. 2014 साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले, तोवर त्या परकी वाद्याला कोणी परके म्हणत नव्हते. अशा संगीताला पॉवर ॲम्पकडून एकच मागणी असते: बोटाने जे केले तेच पोहोचव, त्यात भर घालू नकोस.

आणि पोहोचवावयाचे कोठवर? तिरुवल्लिकेणीत हा प्रश्न रोजचा आहे. येथे मंदिर आहे, मशीद आहे, शाळा आहेत, आणि 1885 साली स्थापन झालेले, आज कस्तुरबा गांधींचे नाव धारण करणारे स्त्रियांचे व बालकांचे रुग्णालयही आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरांचा परिसर शांततेचा म्हणून घोषित करता येतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर कर्णे लावण्यास बंदी आहे. वस्तीतली मर्यादा दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबलांची आहे. ज्या विद्येने 1930 मध्ये मरीनावरच्या गरिबाला गाणे दिले, तीच विद्या आज बाळंतिणीची झोप हिरावू शकते. मॅन्शनमधल्या तरुणाची भिंत दुसऱ्या कोणाची तरी उशाची भिंत असते. तो रात्री कानाला हेडफोन लावून मॉडेलरवर सराव करतो, तेव्हा आपल्या सुराचे काहीही उणे न करता शेजाऱ्याची शांतता राखतो. ही सोय जुन्या व्हॉल्व्हवाल्या पिढीला नव्हती.

सूर घडतो तो बोटांत, कानात आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीत. पॉवर ॲम्पपाशी तो पोहोचतो तेव्हा चांगला किंवा वाईट आधीच झालेला असतो. बळ त्याला दूर नेते, अधिक चांगला करीत नाही. बेसूर वादन शंभर वॅटांनी केवळ अधिक लोकांना कळते. 1907 साली तिरुवल्लिकेणीच्या वाळूवर हजारो माणसे वाऱ्याशी झगडून कान देत उभी राहिली, ती आवाज मोठा होता म्हणून नव्हे, तर ऐकण्याजोगे काही होते म्हणून. लहानशी पेटी पेडलांशेजारी बसविताना आजच्या वादकानेही प्रथम तेवढ्याची खात्री करून घ्यावी. कळ फिरविणे नंतरचे.