पाऊणकी आणि भरती



बारावीत 'एस.एच.एम.' या नावाने धडकी भरवणारी सरल आवर्त गती आपल्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर रोज दिसते. तिचं नाव भरती-ओहोटी.

या गतीचा नियम सोपा आहे. कण टोकाला क्षणभर थांबतो, मध्यातून जाताना सर्वांत जास्त वेगात असतो. समुद्राची पातळीही जवळजवळ तशीच हलते; ओढ मात्र चंद्र-सूर्याची.

ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. पातळीत 4 मीटरचा फरक धरा. पहिल्या तासात पाणी जेमतेम 27 सेंटिमीटर चढतं, दुसऱ्यात 73, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात एकेक मीटर! पुढे पुन्हा 73 आणि 27. 'तासभर बसलोय, पाणी कुठे वाढलंय?' म्हणणारा इथेच फसतो.

चंद्राच्या लाटेचा आवर्तकाल 12 तास 25 मिनिटं, सूर्याच्या लाटेचा 12 तास. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास दोन्ही जुळतात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास एकमेकींविरुद्ध जातात, तो भांग. अशा अनेक गतींची बेरीज करणारं यंत्र विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1872 च्या सुमारास योजलं. 1879 मध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी तसं यंत्र तयार झालं. मी रोज प्रोग्रॅम लिहिते. दाते आणि कप्प्यांचा हा प्रोग्रॅम पाहून आजही थक्क होते.

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना मात्र पाऊणकी पुरते. तिथीची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पावणेचार. त्याआधी साडेनऊच्या सुमारास ओहोटी. म्हणजे साडेअकरा ते दीड पाणी सर्वांत वेगाने चढणार. सहलीला गेलेली मुलं नेमकी तेव्हाच पाण्यात असतात.

म्हणून शाळेला आणि आपल्या सगळ्यांना एक विनंती. राजोडी, कळंब, भुईगाव कुठेही मुलांना नेण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा. तो कागद सूचनाफलकावर लागू द्या आणि त्याखाली हे सहा तासांचे सहा आकडे मुलांकडूनच काढून घ्या. गणित पक्कं होईल, आणि पोरं वेळेत पाण्याबाहेर येतील.