राखीव जागेवर कोण बसते?

(म्हैसूर येथे मराठी भाषक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



राजकारणात व राज्यकारभारात स्त्रियांचा सहभाग कसा वाढवावा, हा विषय मला नेमून देण्यात आला आहे. त्यातील 'सहभाग' या शब्दापाशीच मी थोडी अडखळले. पक्षाची कागदपत्रे मराठीत आणणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे शब्दांशी हुज्जत घालण्याची खोड जडली आहे, ती आपण सांभाळून घ्यावी. सहभाग म्हणजे दुसऱ्याने आरंभिलेल्या कार्यात सोबतीने भाग घेणे. पंक्तीत वाढणाऱ्या बाईचाही त्या जेवणावळीत सहभाग असतोच. मराठीत शेतीवाडीतला एक जुना शब्द आहे : वाटा. वाट्याचा हिशेब मांडता येतो, आणि तो बुडाला तर भांडता येते. सत्तेतील स्त्रियांचा वाटा किती आणि तो कोठे बुडतो, या दृष्टीने मी आज बोलणार आहे.

या चर्चेला म्हैसूर हे स्थळ सोयीचे आहे. दिवाण रंगाचार्लू यांनी १८८१ साली, दसऱ्याच्या सुमारास, येथे प्रतिनिधिसभा भरवली. संस्थानी मुलुखातील हा पहिलाच प्रयोग. सभेचे सदस्य १४४. जमीनदार, व्यापारी, प्रतिष्ठित रयत अशी त्यांची घडण. स्त्रीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुढे १९२३ साली या सभेला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि मताधिकारातील स्त्री-पुरुष भेद रद्द झाला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या विधिमंडळांनी १९२१ साली असाच निर्णय घेतला होता. ही त्या काळच्या स्त्री-चळवळीची कमाई आहे, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मत देण्यासाठी अमुक इतका शेतसारा किंवा कर भरणारा, अमुक इतका शिकलेला असणे आवश्यक होते. जमीन नवऱ्याच्या नावावर, शाळा मुलग्यांसाठी. मग मतदार यादीत किती स्त्रिया शिरणार? कायद्याने दार उघडले आणि उंबरठ्यावर मालमत्ता आडवी आली. हा उंबरठा काढला गेला तो राज्यघटनेतील सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराने, म्हणजे १९५० नंतर.

मालमत्तेची गोष्ट मात्र तेथे संपली नाही. याच जिल्ह्यातील हुणसूरचे देवराज अर्स मुख्यमंत्री असताना, १९७४ पासून कर्नाटकात कूळकायद्याची नवी दुरुस्ती अमलात आली. कसणाऱ्या कुळाला जमीन मिळाली, सरंजामी जमीनदारीला खरा धक्का बसला. पण कागदावरचे 'कूळ' म्हणजे प्रायः घरातील कर्ता पुरुष. लावणी, खुरपणी, कापणी करणारी बाई कायद्याच्या दृष्टीने कुळाची बायको राहिली. वाट्याचा हिशेब करताना हे विसरता येत नाही. कारण गावच्या राजकारणात ज्याच्या नावावर जमीन, त्याचाच शब्द चालतो.

आता राखीव जागांकडे येऊ. महाराष्ट्रात १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्याने स्त्रिया निवडून न आल्यास एकदोन जणींना नेमून घेण्याची तरतूद केली होती. नेमलेली बाई नेमणाऱ्याची असते, हे सांगायला नको. कर्नाटकाने १९८३ च्या कायद्यात वेगळी वाट धरली : मंडल पंचायती व जिल्हा परिषदांतील २५ टक्के जागा स्त्रियांसाठी राखीव, आणि त्या निवडणुकीनेच भरायच्या. १९८७ साली निवडणुका झाल्या तेव्हा एकट्या मंडल पंचायतींत सुमारे १४ हजार स्त्रिया निवडून आल्या. 'बायका मिळणार कोठून?' असे विचारणाऱ्यांना ते उत्तर होते. ७३ वी घटनादुरुस्ती त्यानंतरची, १९९३ पासून अमलात आलेली. ती करताना कर्नाटकाचा हा अनुभव देशापुढे होता. पुढे कर्नाटकाने २०१० साली आणि महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले.

याउलट जेथे राखीव जागा नाहीत तेथे काय दिसते? कर्नाटकच्या २२४ जणांच्या विधानसभेत २०२३ साली दहा स्त्रिया निवडून आल्या. महाराष्ट्रात २०२४ साली २८८ पैकी एकवीस. त्याच वर्षी लोकसभेत ५४३ पैकी चौऱ्याहत्तर, म्हणजे २०१९ पेक्षा चार कमी. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा सांभाळणारी स्त्री विधानसभेच्या पायरीशी येताच अपात्र कशी ठरते? पात्रता पायरीगणिक कमी होत नाही. वरच्या पायरीवर पैसा जास्त असतो आणि उमेदवारी वाटणारे हात पुरुषांचे असतात.

लोकसभा-विधानसभांतील एक तृतीयांश जागांचे विधेयक १९९६ साली मांडले गेले तेव्हा पंतप्रधान होते हासनचे देवेगौडा. संयुक्त समितीच्या अध्यक्ष होत्या आपल्या कम्युनिस्ट चळवळीतील कॉम्रेड गीता मुखर्जी. समितीने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. तेथून हे विधेयक मांडले जात राहिले आणि बारगळत राहिले. २०१० साली राज्यसभेने संमत करूनही लोकसभेत ते आले नाही. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांनी १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. लोकसभेत विरोधी मते अवघी दोन. इतके एकमत आणि तरीही अट अशी घातली की आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग स्त्रियांच्या जागा. देणे कबूल करायचे आणि तारीख सावकाराने ठरवायची, असा हा व्यवहार होता.

दसऱ्याला चामुंडेश्वरीची मूर्ती सोन्याच्या अंबारीतून मिरवते, लाखो पुरुष हात जोडतात. त्याच दसऱ्याचे उद्घाटन २०२५ साली कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या हस्ते करण्याचे राज्य सरकारने ठरवले, तेव्हा धर्माचा हवाला देऊन केवढा गहजब झाला! न्यायालयापर्यंत प्रकरण गेले आणि तेथे याचिका फेटाळल्या गेल्या. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या या बाई वकील आहेत, आणि हासनच्या नगरपालिकेत त्यांनी सदस्य म्हणून कामही केलेले आहे. (पारितोषिकात त्यांच्या अनुवादक दीपा भास्ती यांचा बरोबरीचा वाटा आहे, हे मी व्यवसायबंधुत्वाने नमूद करते.) देवी अंबारीत बसली तर कोणाची हरकत नसते, नागरिक स्त्री व्यासपीठावर उभी राहिली की तिचा धर्म, जात, कुंकू सारे तपासले जाते. धर्मांध शक्तींचा स्त्रीविषयक आदर किती खोल आहे, ते तेथे दिसले.

निवडून आल्यावर काय होते, हे आपणांस ठाऊक आहे. बाईंच्या नावाचा शिक्का आणि खुर्चीत 'सरपंचपती'. हा प्रकार इतका बोकाळला की केंद्र सरकारच्या पंचायती राज मंत्रालयाला २०२३ साली त्यावर समिती नेमावी लागली. पण या गोष्टीवर नुसते हसणे मला मान्य नाही. घरकामात गुंतलेल्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे २०२४ च्या सरकारी पाहणीत आढळले. जवळपास पाच तास बिनमोल राबून मग मजुरीला जायचे, आणि त्यानंतर अंदाजपत्रक वाचायचे! एंगल्सने १८८४ सालीच दाखवून दिले होते की घरकाम हे खाजगी चाकरी होऊन बसल्यामुळे स्त्री सार्वजनिक उत्पादनातून आणि म्हणून सार्वजनिक जीवनातून दूर सारली गेली. त्यात भर फिरत्या आरक्षणाची : पाच वर्षांत बाई कारभार शिकते, आणि तिचा प्रभाग खुला होताच तिकीट पुन्हा नवऱ्याकडे किंवा दिराकडे. महाराष्ट्रात २००१ नंतर तिसरे मूल झालेल्यास स्थानिक संस्थेच्या निवडणुकीतून बाद करणारा नियम आला. मूल केव्हा व किती, हे जिच्या हाती नाही तिला त्याची शिक्षा! कारभार चालवू न शकणाऱ्या बाईची थट्टा करण्यापूर्वी या सगळ्याचा हिशेब व्हावा.

आणि जेथे स्त्रिया संघटित होऊन उतरल्या तेथे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर निर्बंध घालणारा नियम आला, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये बेंगळुरूच्या कपडे कारखान्यांतील हजारो कामगार स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि केंद्र सरकारने तो मागे घेतला. मार्च २०१७ मध्ये त्याच शहरात अंगणवाडी सेविका मानधनासाठी रात्री उघड्यावर झोपल्या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या किसान मोर्चात तळपाय सोलवटलेल्या आदिवासी स्त्रिया चालल्या. १९४५ च्या वारली उठावात कॉम्रेड गोदावरी परुळेकरांनी ज्या परंपरेला आकार दिला तीच ही परंपरा. आणि १९७२ ची मुंबईची महागाईविरोधी आघाडी आठवा. तिच्या नेत्या अहिल्या रांगणेकर व मृणाल गोरे १९७७ साली लोकसभेत गेल्या, त्या राखीव जागेवरून नव्हे, लाटणे मोर्चाच्या बळावर.

मग आपल्याकडे काय अडते? १९६४ साली स्थापन झालेल्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिट ब्यूरोत पहिली स्त्री, कॉम्रेड वृंदा करात, २००५ साली आल्या. १९२० साली स्थापन झालेल्या आयटकला अमरजीत कौर यांच्या रूपाने स्त्री सरचिटणीस मिळण्यास २०१७ साल उजाडले. मोर्चात निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि समितीत एखादीच, हे चित्र आपण बूर्ज्वा पक्षांकडे बोट दाखवून झाकू शकत नाही. 'तयार कार्यकर्ती मिळत नाही' हे उत्तर मी अनेक अहवालांतून अनुवादित केले आहे. त्याच अहवालांत बैठकीची वेळ रात्री नऊची असते.

म्हणून माझ्या सूचना अगदी लहान आहेत. समितीच्या बैठका दिवसाउजेडी, बसच्या वेळा पाहून घ्या. निवडून आलेल्या कार्यकर्तीला अंदाजपत्रक, ठरावाचे पुस्तक, अविश्वास ठरावाचा कायदा शिकवण्याची जबाबदारी एका ठराविक कॉम्रेडवर टाका, तिच्या नवऱ्यावर नको. आणि प्रभाग खुला झाला तरी चांगले काम केलेल्या कार्यकर्तीला त्याच प्रभागातून पुन्हा उभे करा. या तिसऱ्या सूचनेला आपल्या काही कॉम्रेड्सचा विरोध होईल, कारण त्या जागेवर त्यांची नजर असते. तो विरोध त्यांनी समितीत उघडपणे नोंदवावा.

आता चर्चा व्हावी. मागील दोन रांगांत बसलेल्या अंगणवाडी आणि आशा कार्यकर्त्यांना प्रथम बोलू द्यावे, अशी अध्यक्षांना विनंती आहे. त्यांना साडेपाचची बस गाठायची आहे.