विहिरीचे विहिरीला
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



माझी आई विहिरीचे पाणी दुहेरी कापडातून गाळीत असे आणि कापडावर उरलेला संखारा त्याच विहिरीत अलगद परत सोडीत असे. विहिरीचे विहिरीला द्यावे, हा तिचा नेम होता. आज घरोघरी बोअर आले. उपसा वाढला, परत देणे मात्र थांबले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमा-खर्चाच्या भाषेतच बोलतो. आपल्या रायगडात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु येथील काळ्या कातळात पाणी साठते ते भेगांत व वरच्या झिजलेल्या थरात. बाकीचे खाडीला मिळते. जमा बेताची आणि खर्च बेसुमार, मग दिवाळे ठरलेलेच. २०१६ साली मांजरा धरण आटले, तेव्हा लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पनवेलकडून वस्ती पेण-कासूच्या दिशेने वाढते आहे. खाडीलगत अतोनात उपसा झाल्यास गोड्या पाण्यात खारे पाणी शिरेल. मग विहीर असूनही नसल्यासारखीच.

उपाय हाताशी आहे. १०० चौरस मीटर छपरावर वर्षभरात सुमारे ३ लाख लिटर पाणी पडते. पहिल्या सरींचे पाणी वाहू द्यावे. पुढचे गाळून विहिरीत सोडावे. याचा आरंभ आपल्या ट्रस्टच्या छपरापासून व्हावा, ही नम्र विनंती. त्या कामी पहिली देणगी माझी समजावी.

जय जिनेंद्र!