वैमानिकाची नोकरी सुटल्यावर

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर पाली हे गाव लागते. बिंदुसरेचे धरण ह्याच गावाजवळ आहे. बीड शहरास रेल्वे मिळाली ती 2025 च्या सप्टेंबरात; प्रवासी विमानतळ तर साऱ्या जिल्ह्यात नाही. तथापि अशा गावातील एखादा मुलगाही आज वैमानिक होऊ शकतो. तो झाला म्हणजे त्याच्या शिक्षणापायी घरच्यांचे अर्धा कोटी रुपये किंवा त्याहूनही अधिक खर्ची पडलेले असतात, आणि क्वचित जमिनीचा तुकडाही. पुढे त्याची नोकरी सुटली, तर घरातील वडीलधारे माणूस विचारील, "अरे, मोटार हाकणाऱ्याला एका मालकाने काढले तर तो दुसऱ्याची गाडी धरतो. तुला का जमू नये?"

प्रश्न भोळा वाटतो. पण नोकरी गमावलेल्या वैमानिकाची सारी अडचण त्यातच आहे.

पहिली गोष्ट अशी की, परवाना असला म्हणजे कोणतेही मोठे विमान चालविता येते, असे नाही. ज्या जातीच्या विमानाचे शिक्षण झाले असेल, त्याच जातीचे विमान त्याने चालवावे, असा दंडक आहे. बोइंगवर केस पिकलेल्या कप्तानालाही एअरबसच्या खुर्चीत बसण्यापूर्वी नवा अभ्यास करावा लागतो, कृत्रिम विमानयंत्रात तालीम घेऊन परीक्षा द्यावी लागते, आणि कंपनीने भार न उचलल्यास खर्च लाखांच्या घरात जातो.

दुसरी गोष्ट मुदतीची. प्रवासी घेऊन उडावयाचे, तर मागील 90 दिवसांत तीन वेळा विमान उडविलेले व उतरविलेले असावे लागते. कौशल्याची तपासणी वर्षातून दोनदा होते. वैद्यकीय तपासणीही ठरल्या मुदतीने करावीच लागते. शाळामास्तर वर्षभर घरी बसला, तरी उन्हाळी सुटी संपताच पुन्हा फळ्यापुढे उभा राहू शकतो. वैमानिकाला तशी सवड नाही. नोकरी गेली त्या दिवसापासून एकेक मुदत सरू लागते, आणि ती पुन्हा मिळवून देणारी यंत्रे बहुधा कंपन्यांच्याच आवाक्यात असतात. नोकरी नाही म्हणून मुदत टळते, आणि मुदत टळली म्हणून नोकरी मिळत नाही, असा हा पेच आहे.

जेट एअरवेज ही मुंबईची कंपनी 17 एप्रिल 2019 रोजी थांबली, तेव्हा हा पेच शेकडो घरांनी एकाच वेळी अनुभवला. वैमानिकांचे पगार तर त्यापूर्वीच काही महिने थकलेले होते. कंपनीचा मोठा ताफा बोइंग 737 ह्या जातीचा होता. स्पाइसजेटकडे तीच जात असल्याने तिने जेटची काही विमाने घेतली, आणि माणसेही. त्या वैमानिकांचा मार्ग त्यामानाने सुकर झाला. परंतु पगार मात्र अनेकांना पूर्वीपेक्षा कमी पत्करावा लागला. इंडिगो व गोएअर ह्यांच्याकडे तेव्हा मुख्यतः एअरबस होती. तेथे जावयाचे म्हणजे पुन्हा विद्यार्थी व्हावयाचे. ज्यांनी ही खालची पायरी विनासंकोच पत्करली, त्यांनी शहाणपण केले असेच म्हटले पाहिजे. कप्तानपदाच्या मानासाठी अडून बसणाऱ्यास दिवस थांबत नाहीत.

ह्याच कंपनीतील वैमानिक अमोल यादव ह्यांनी कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर स्वतः विमान बांधले होते. कंपनी थांबल्याच्या पुढच्याच वर्षी, 2020 साली, ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले. असा उद्योग हाताशी असणे हा अर्थात अपवादच. सामान्य वैमानिकाला दुसरे दार शिकविण्याचे. धुळे, बारामती, गोंदिया येथे उड्डाणाच्या शाळा आहेत. मात्र शिक्षकाची पात्रता वेगळी मिळवावी लागते, आणि ती नोकरीत असतानाच मिळविलेली बरी.

ज्याला दोषावरून काढले, त्याची गोष्ट निराळी. मद्य घेऊन कामावर आल्याचे प्रथम आढळले तर परवाना तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षे निलंबित होतो. तिसऱ्यांदा तो रद्दच होतो. त्यात कठोर काही नाही. मागे दीडशे-दोनशे जीव बसलेले असतात. अन्यायाने काढलेल्यास न्यायालय आहे. एअर इंडियाने ऑगस्ट 2020 मध्ये चाळीसहून अधिक वैमानिकांना काढले; त्यांनी राजीनामे दिले होते, आणि ते परतही घेतले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये ती कारवाई रद्द ठरवून त्यांना कामावर परत घेण्यास सांगितले. न्याय मिळाला खरा, पण मध्ये दहा महिने गेले. आणि तीन महिन्यांचा हिशेब श्रोत्यांच्या ध्यानात असेलच.

हा व्यवसाय आपल्याकडे अगदी नवा होता तेव्हाही दारे सहज उघडत नव्हती. प्रेम माथुर ह्या बाईंनी 1947 साली व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविला. आठ कंपन्यांनी, बाई म्हणून, त्यांना नकार दिला. शेवटी घेतले ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने. बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात असतानाच, 1945 साली, ही कंपनी निघाली होती. बाईंनी 1949 ची राष्ट्रीय विमानशर्यत जिंकली. पुरेसे उड्डाणतास भरल्यावर त्यांनी मुख्य वैमानिकाची खुर्ची मागितली. कंपनीने ती दिली नाही. त्यांनी नोकरी सोडली, आणि दिल्लीस जाऊन घनश्यामदास बिर्ला ह्यांच्या खासगी विमानावर काम धरले. जागा लहान होती, पण उड्डाण थांबले नाही. 1953 साली त्या इंडियन एअरलाइन्समध्ये रुजू झाल्या. त्याच वर्षी विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि ज्या डेक्कन एअरवेजने त्यांना ती खुर्ची नाकारली होती, तीही त्याच इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.