शेजारच्या लागवडीचा पराग

घरचा पांढरा मका ज्या राखतात त्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. शेजारच्या वावरात पिवळा मका असला आणि दोन्हींना तुरे एकाच वेळी आले, की आपल्या पांढऱ्या कणसात मधूनमधून पिवळे दाणे निघतात. तिकडचा पराग वाऱ्यानं आला आणि आपल्या कणसावर बसला. मक्याचं एक बरं आहे, दाण्यावरच कळतं आणि पुढच्या वर्षी बी बदलता येतं. पण हेच रानातल्या झाडांचं झालं तर? झाडाचं बी पडतं, रोप येतं, मोठं होऊन फुलायला कितीतरी वर्षं जातात. तोवर कुणाच्या लक्षातही येत नाही.

याचा चांगला अभ्यास झालाय तो नीलगिरीच्या माहेरी. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट आहे. आपण सरसकट नीलगिरी म्हणतो, पण तिकडे तिचे सातशेहून जास्त प्रकार आहेत. इंग्रजांनी उटीच्या डोंगरांवर लावलेली ब्लू गम टास्मानियातही रानात आपोआप वाढते. तिथलंच दुसरं झाड ब्लॅक गम. हे ओलसर, सखल जमिनीत वाढतं. अशी जमीन शेतीला आणि चराईला चांगली, म्हणून ही रानं तोडली गेली. आता राहिलेत ते तुकडे. 2019 साली ऑस्ट्रेलिया सरकारनं ही रानं अतिशय धोक्यात असल्याचं जाहीर केलं.

या तुकड्यांच्या शेजारी कागदाच्या लगद्यासाठी शायनिंग गमची मोठी लागवड झाली. ही नीलगिरी ऑस्ट्रेलियाचीच, पण समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरची, या बेटावरची नव्हे. म्हणजे भावकीतली, पण परगावची. भावकीतली असल्यामुळेच अडचण झाली. मधमाश्या आणि बारीक किडे लागवडीतल्या फुलांवर बसतात आणि तोच पराग घेऊन ब्लॅक गमच्या फुलांवर जातात. दोन्हींचा बहर एका वेळी आला, की ब्लॅक गमच्या फळात मिश्र बी धरतं.

होबार्टच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्लॅक गमचं बी गोळा करून रोपवाटिकेत पेरलं आणि रोपं मोजली. ओळखणं सोपं होतं. शायनिंग गमच्या कोवळ्या रोपाची पानं निळसर, मेण लावल्यासारखी आणि बिनदेठाची. ब्लॅक गमची हिरवी, देठाची. मिश्र रोप दोन्हींच्या मधलं दिसतं. लागवडीच्या अगदी कडेच्या झाडांखाली मिश्र रोपं बरीच निघाली. दोन-तीनशे मीटर आत गेल्यावर शंभरात एखादंही मुश्किलीनं. पण अधूनमधून एखादं रोप किलोमीटरभर लांबच्या झाडाच्या बियातूनही आलं. माशी काही फीत घेऊन उडत नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. नीलगिरीचं बी फार लांब जात नाही, बहुतेक झाडाखालीच पडतं. पण पराग लांब जातो. म्हणून मिश्र रोप लागवडीत नव्हे, तर अस्सल रानझाडाच्या सावलीत उगवतं. आई रानातली, म्हणून रोपही रानातलंच असं आपण धरून चालतो. बापाचं नाव पानावर वाचावं लागतं.

सगळीच झाडं अशी मिसळत नाहीत. ब्लू गमचं फूल मोठं असतं. शायनिंग गमच्या परागाला तेवढं खोल उतरून बीजापर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून ब्लू गम यातून सुटली. मिश्र रोपंही बरीचशी अशक्त निघतात आणि मरतात. मग घोर कसला? एक म्हणजे, आधीच थोड्या राहिलेल्या झाडाचं तेवढं बी वाया गेलं. दुसरं, जी थोडी जगतात ती पुढे फुलतात आणि त्यांचा पराग पुन्हा रानात फिरतो. मोठ्या रानाला हे पेलतं. चारी बाजूंनी लागवड आणि मध्ये दहा-वीस झाडं, अशा तुकड्याला पेलत नाही. म्हणून तिकडे कडेची रोपं तपासायची आणि मिश्र दिसली की लहानपणीच उपटायची, असा उपाय सांगितला जातो. मला तो पटतो, कारण त्याला कुदळ आणि नजर एवढंच लागतं.

आपल्या बांधावरच्या नीलगिरीमुळे असं काही होणार नाही. तिची भावकी इथल्या रानात नाही. जांभूळ तिच्याच कुळातलं, पण नातं इतकं लांबचं की संकर होत नाही. नीलगिरीबद्दल तक्रारी असतील त्या पाण्याच्या असोत, परागाच्या नकोत.

आपल्याकडे बघायचं ते आंब्याकडे. आंब्याचा पराग माश्या नेतात. जुना रायवळ आंबा चारी बाजूंनी हापूसच्या बागेत सापडला असेल, तर त्याच्या कोयीत बागेचा पराग असण्याची शक्यता मोठी. आणि इथं पानावरून बाप ओळखता येत नाही. बचत गटाच्या रोपवाटिकेसाठी रायवळाच्या कोया गोळा करता, तेव्हा बागेपासून लांबची झाडं निवडा, जिथं रायवळ चार-पाच तरी एकत्र आहेत. एकाच झाडाच्या सगळ्या कोया घेऊ नका. कोणत्या पिशवीत कुठल्या झाडाची कोय हे वहीत लिहा.

आणि एखादं झाड गावाच्या जिभेवरचं असेल, लोणच्याचं किंवा रसाचं, तर त्याच्या कोयीवर विसंबू नका. त्याची काडी आणून कोय कलम बांधा, म्हणजे तेच झाड पुढे येईल. मात्र एका झाडाची पन्नास कलमं म्हणजे पन्नास वेळा तेच झाड, म्हणून कोयीची रोपंही सोबत हवीतच. खाल्लेल्या आंब्याच्या कोया धुवून सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. महिनाभर ठेवल्या तर बऱ्याचशा उगवतच नाहीत.