बंदूक अडते तेव्हा दोष कोणाचा?

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना वाटेल, की बंदुकीशी आपला काय संबंध? शेतरक्षणाची परवान्याची बंदूक काही घरी असते. पण ती एकनळी नाही तर दुनळी. बार काढला, की नळी मोडायची, हाताने रिकामे काडतूस काढायचे आणि दुसरे भरायचे. मी बोलणार आहे तो सैनिकाच्या बंदुकीविषयी. ती दुसरी गोळी स्वतःच भरून घेते. इंग्रजीत हिला सेमी-ऑटोमॅटिक किंवा सेल्फ लोडिंग रायफल म्हणतात. चाप एकदा ओढला, की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येऊन बसते. आता ही बंदूक मध्येच अडली तर? आणि तीही शत्रू समोर असताना अडली तर? मग दोष कोणाचा धरायचा? या प्रश्नाच्या उत्तरात तुम्हाआम्हालाही घेण्यासारखे बरेच आहे.

आधी ही बंदूक चालते कशी ते पाहू. विहिरीवरचे ऑइल इंजिन तुम्ही पाहिले आहे. हवा आत घेणे, ती दाबणे, स्फोट आणि धूर बाहेर टाकणे, असे त्याचे चार टप्पे असतात. यांतला एक चुकला, की इंजिन बंद. बंदुकीचेही असेच एक चक्र आहे, फक्त टप्पे जास्त. काडतूस वर येते. बोल्ट नावाचा लोखंडी दट्ट्या ते पुढे ढकलून नळीच्या मागच्या कोठीत बसवतो. मग बोल्टला कुलूप लागते. चाप ओढला, की बार होतो. त्यानंतर कुलूप सुटते, बोल्टचा आकडा रिकामी पितळी पुंगळी ओढून काढतो, ती बाहेर फेकली जाते, आतला हातोडा पुन्हा ताणला जातो, आणि स्प्रिंगच्या जोराने बोल्ट पुन्हा पुढे येतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते.

याला लागणारी शक्ती कुठून येते? दारू पेटली, की तिचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे रेटतो. त्यातला थोडासा वायू नळीच्या एका छिद्रातून बाजूला काढतात आणि त्याच्या दाबाने बोल्ट मागे सरकवतात. वायू कमी पडला, तर बोल्ट अर्ध्यावरून परततो आणि पुंगळी आतच अडकते. फार झाला, तर सगळे भाग हिसक्याने आपटतात. म्हणजे बघा, दारू, छिद्र, स्प्रिंग, वंगण, पुंगळी आणि साफसफाई या साऱ्यांचा मेळ बसला तरच चक्र फिरते.

आपल्याकडच्या माजी सैनिकांना हे सांगायला नको. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा आपल्या पुष्कळ जवानांच्या हाती जुनी .३०३ रायफल होती. तिचा बोल्ट दर गोळीला हातानेच मागेपुढे करावा लागे. पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ७.६२ मिलिमीटरची एस. एल. आर. तयार होऊ लागली आणि ती अनेक वर्षे फौजेत होती. तिच्या नळीवर वायू कमीजास्त करण्याची एक फिरती कडी असे. काजळी धरून बंदूक आळसायला लागली, की ती कडी थोडी फिरवायची, म्हणजे बाहेर सुटणारा वायू कमी होऊन आतला जोर वाढतो. सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या निवृत्त सुभेदारांना विचारा. अजूनही बोटे फिरवून दाखवतील. बंदूक मळणार, हवा बदलणार, हे बनवणाऱ्यांनी आधीच गृहीत धरले होते, हे यातून दिसते.

पण सर्वांनाच हे आधी सुचते असे नाही. मी इतिहासाचा अध्यापक. म्हणून अमेरिकेतल्या दोन हकिकती सांगतो.

पहिली गॅरंड रायफलची. जॉन गॅरंड हा मूळचा कॅनडात जन्मलेला कारागीर. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात वर्षानुवर्षे खपून त्याने आठ गोळ्यांची ही रायफल सिद्ध केली आणि १९३६ साली अमेरिकन सैन्याने ती स्वीकारली. कारखान्यातून बंदुका भराभर बाहेर पडू लागल्या, आणि एक विचित्र तक्रार सुरू झाली. सहा गोळ्या नीट सुटत, पण सातवी वर येताना मध्येच अडके. काडतूस वाईट म्हणावे, तर तेच काडतूस पहिल्या सहा जागी चाले. शिपाई अडाणी म्हणावे, तर निष्णात नेमबाजांच्या हातीही तेच होई. गंमत म्हणजे, हाताने घडवलेल्या नमुन्याच्या बंदुकांत ही खोड मुळीच नव्हती. तेव्हा नमुना आणि कारखान्याचा माल यांची जुळणी करून पाहिली. बोल्ट ज्या सांगाड्यात सरकतो, त्याच्या आतल्या अंगाला एक लहानसा कंगोरा होता. कारखान्यात यंत्रे लावताना त्याचा काही भाग कापला जाऊ लागला होता. दिसायला निरुपयोगी, पण काडतुसांची क्लिप सरळ धरण्याचे काम तोच करी. वेल्डिंगने तेवढी भर परत घातली, आणि सातवी गोळी मुकाट्याने वर येऊ लागली.

याच बंदुकीला पुढे महायुद्धात पावसाचा त्रास झाला. मुसळधार पावसात तासन् तास राहिली, की तेल धुऊन जाई, आणि बोल्ट ज्या खाचेत वळतो तिथे लोखंडाला लोखंड घासून तो घट्ट बसे. उपाय काय? पाण्याने न धुपणारे दाट ग्रीस. त्याची लहानशी डबी शिपायाजवळ देण्यात आली. मोटेच्या चाकाला ओंगण घालणारा आपला जुना शेतकरी दुसरे काय करत होता?

दुसरी हकिकत दुःखाची आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिकांना एम-१६ ही हलकी नवी रायफल मिळाली. ती एकेक गोळीही झाडते आणि सलगही झाडते; चक्र मात्र वर सांगितले तेच. हिला साफसफाई फारशी लागत नाही, असा समज पसरला होता. सफाईचे साहित्यही पुरेसे पोचले नाही. आणि १९६७ च्या सुमारास सैनिकांची पत्रे घरी येऊ लागली, की ऐन चकमकीत बंदूक अडते, पुंगळी कोठीत चिकटून बसते, आणि समोरून गज घालून ती ठोकून काढावी लागते. अशा वेळी गज शोधत बसलेल्या माणसाची अवस्था काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको. काहींचा त्यातच अंत झाला.

वरिष्ठांकडून उत्तर आले, की मुले बंदूक साफ ठेवत नाहीत. हे अर्धेच खरे होते. १९६७ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीने रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी केली, तेव्हा बाकीचे अर्धे बाहेर आले. बंदुकीची मूळ परीक्षा एका प्रकारच्या दारूवर झाली होती; १९६४ पासून काडतुसांत दुसरी भरू लागले. नव्या दारूने छिद्रापाशी वायूचा दाब वाढला आणि बोल्ट जास्त वेगाने मागे येऊ लागला. पितळी पुंगळी बाराच्या दाबाने फुगते. ती आकसून सुटी होण्याआधीच आकडा तिला ओढू लागला. शिवाय त्या दारूतल्या चुन्याचा साका आत धरू लागला. त्यात व्हिएतनामची दमट हवा. कोठीला क्रोमियमचा मुलामा नव्हता, म्हणून तिला गंज लागून खड्डे पडत, आणि फुगलेली पुंगळी त्या खड्ड्यांत रुतून बसे. आकडा कड तोडून निघे, पुंगळी तिथेच! काडतुसांतला हा दोष वेळीच दूर केला नाही, याबद्दल समितीने अधिकाऱ्यांना फार कडक शब्दांत दोष दिला.

मग सुधारणा झाल्या. कोठीला क्रोमियमचा मुलामा आला, बोल्टचा वेग आवरण्यासाठी मागचा धक्का-रोधक बदलला, दारूतला चुना कमी केला, सफाईचे साहित्य पुरवले. आणि शिक्षकबंधूंनी ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की जाड नियमपुस्तक वाचण्याचा शिपायांना कंटाळा येतो हे ओळखून विल आयस्नर या प्रसिद्ध चित्रकथाकाराकडून निगेची रंगीत चित्रपुस्तिका करून घेतली. शिपायाला दोष देण्याऐवजी त्याला समजेल अशा रीतीने शिकवले. बंदूक तीच, माणसे तीच. पण अडणे पुष्कळ कमी झाले.

तर या दोन्ही हकिकतींतून शोधाची एक रीत निघते. पहिला प्रश्न, चक्र नेमके कोणत्या टप्प्यावर अडले? नुसते 'बंद पडले' म्हणून भागत नाही. पुंगळी निघाली नाही, की निघाली पण नवी गोळी आली नाही? दुसरा प्रश्न, पूर्वी चालत होते ना? मग मधल्या काळात काय बदलले? दारू, तेल, हवा, की कारखान्यातले एखादे यंत्र? तिसरा प्रश्न, वापरणाऱ्याला नीट शिकवले होते का, आणि साधने दिली होती का? एवढे विचारून झाल्यावर मग त्याच्या हलगर्जीपणाकडे वळावे. आपण बहुधा शेवटापासून सुरुवात करतो, कारण ते सोपे असते आणि त्याला खर्च पडत नाही.

एक सूचना मात्र पाळा. परवान्याची बंदूक कोणत्याही जातीची असो, ती अडली तर तोंड मोकळ्या, निर्धोक दिशेला ठेवा, चापावरचे बोट काढा आणि थोडे थांबा. कधी कधी दारू उशिरा पेटते. घरी खोलून दुरुस्ती करू नका, परवानाधारक कारागिराकडेच न्या.

पंप बंद पडला, की आपण गड्यावर ओरडतो. गणित चुकले, की मुलाचा कान धरतो. चूक कधी त्यांची असतेही. पण आधी टप्पा शोधावा. मुलाचा हातचा चुकला, की त्याला उदाहरणच समजले नाही? पंपात डिझेल संपले, की फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला? उत्तर सापडले, की ओरडण्याची गरज बहुधा उरत नाही. आणि जिथे माणसाचा जीव त्या यंत्रावर टांगलेला असतो, तिथे हा शोध आधी न घेणे यासारखी दुसरी हलगर्जी नाही.